हलके काम कोणाचे? जपानचा दरबार आणि सामुराई



आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तेव्हा तू इतिहासावर काहीतरी लिही, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले. इतिहासाच्या तासाला मी कोणत्या बाकावर बसत असे हे ज्यांना आठवते ते हसतील. पण माझी नोकरीची तेहतीस वर्षे महसूल खात्यात, जमिनींच्या दप्तरात गेली. निवृत्तीनंतर मुलगी-जावयाच्या निमित्ताने जपानला तीनदा जाणे झाले, आणि तिथल्या जुन्या इतिहासाची गोडी लागली. जमिनीचा कागद कोण लिहितो, सारा कोण गोळा करतो आणि शेवटी सत्ता कोणाकडे जाते, हा माझ्या पोटापाण्याचा विषय. जपानच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ नेमकी याच प्रश्नावर झालेली आहे.

सामुराई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली लखलखती तलवार येते. शूर योद्ध्यांनी एके दिवशी ऐषारामी दरबारावर चाल केली आणि राज्य घेतले, असे आपण धरून चालतो. घडले ते फार वेगळे. सुमारे चारशे वर्षे क्योटोच्या दरबाराने एकेक काम दुसऱ्यांकडे सोपवले. सैन्य बाळगणे, प्रांतात जाऊन राहणे, सारा वसूल करणे, दरोडेखोर पकडणे ही सगळी कामे त्याच्या लेखी हलकी होती. ज्यांनी ती केली ते हळूहळू राज्याचे धनी झाले. ते कसे, ते थोडक्यात सांगतो.

कागदावरचे नेटके राज्य

सातव्या-आठव्या शतकात जपानने चीनच्या तांग साम्राज्याचा कित्ता गिरवून आपला कारभार बसवला. ७०१ साली मोठी कायदेसंहिता तयार झाली. तत्त्वतः सगळी भातजमीन राज्याची. दर सहा वर्षांनी खानेसुमारी करायची, सहा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला ठरावीक जमीन कसायला द्यायची, बाईला त्याच्या दोन-तृतीयांश, आणि माणूस मेला की जमीन परत घ्यायची. त्या बदल्यात धान्य, कापड, वेठ आणि लष्करी चाकरी. जमिनीच्या दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही व्यवस्था वाचून हेवा वाटावा, इतकी ती नेटकी होती.

७९४ साली सम्राट कान्मु याने राजधानी हेइआन-क्यो इथे, म्हणजे आजच्या क्योटोत आणली. चीनच्या चांगआन शहराच्या धर्तीवर सरळ काटकोनातले रस्ते आखले. शहर पूर्व-पश्चिम सुमारे साडेचार किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे सव्वापाच किलोमीटर होते. राजवाड्यापासून दक्षिणेकडे जाणारा सुझाकु मार्ग सुमारे ८४ मीटर रुंद होता. पण आखलेल्या नकाशाचा पश्चिम भाग दलदलीचा निघाला, तिथली वस्ती टिकेना आणि शहर पूर्वेकडे सरकत गेले. नकाशा एक आणि जमीन दुसरीच, हे राज्याच्या बाबतीतही खरे ठरणार होते.

राजधानी बदलण्याच्या दोनच वर्षे आधी, ७९२ साली, याच कान्मुने बहुतेक प्रांतांतली सक्तीची सैन्यभरती बंद केली. ईशान्येकडील एमिशी लोक घोड्यावरून बाण मारण्यात तरबेज होते आणि त्यांच्यापुढे शेतातून धरून आणलेल्या पायदळाचे काही चालत नव्हते. शिवाय भरती केलेल्या शिपायांना अधिकारी स्वतःच्या घरच्या कामाला जुंपत. तेव्हा सरकारने घोडा बाळगू शकणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या मुलांकडे पहारे दिले. निर्णय व्यवहारी होता आणि शेतकऱ्यांच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला. पण हत्यार चालवणे ही आता सर्वांची चाकरी न राहता काही घराण्यांची विद्या झाली.

जमिनीचेही तसेच झाले. लोकसंख्येला जमीन पुरेना, म्हणून ७४३ साली कायदा आला की, जो पडीक जमीन लागवडीला आणील त्याची ती कायमची. पडीक जमीन फोडायला माणसे, अवजारे आणि पाण्याचे पाट लागतात. ते होते मोठ्या देवळांकडे आणि सरदारांकडे. पुढे त्यांच्या या जमिनींना साऱ्याची माफी मिळू लागली आणि सरकारी माणसाने तिथे पाऊल ठेवायचे नाही अशी सूटही मिळाली. अशा जागीरीला जपानीत 'शोएन' म्हणतात. आपल्याकडचे इनाम ज्यांना माहीत आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल.

मग प्रांतातला लहान जमीनदार काय करी? आपली जमीन तो राजधानीतल्या एखाद्या बड्या घराण्याच्या किंवा देवळाच्या नावावर लिहून देई आणि स्वतः तिचा व्यवस्थापक म्हणून राही. बड्या धन्याला बसल्या जागी वाटा मिळे, याला साऱ्यापासून आणि प्रांताधिकाऱ्यापासून संरक्षण मिळे. हळूहळू एकाच शेतावर चार-पाच जणांचे हक्क बसले: वर संरक्षक, त्याखाली मालक, त्याखाली व्यवस्थापक आणि सगळ्यांत खाली घाम गाळणारा. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना भरून वाहताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नाव ज्याचे मोठे त्याला जमीन कुठे आहे तेही ठाऊक नसे. बांध ठाऊक असत ते खालच्याला.

चंद्र, पंचांग आणि बायकांचे अक्षर

आता त्या दरबारात डोकावू. दहाव्या-अकराव्या शतकात खरी सत्ता फुजिवारा घराण्याकडे होती. त्यांनी लढाई करून ती मिळवली नव्हती. आपल्या मुली सम्राटांना देऊन मिळवली होती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे राजपुत्र आजोळी वाढत. लहान वयात गादीवर बसलेल्या नातवाच्या नावाने आजोबा राज्य चालवी. या घराण्याचा सर्वांत बलाढ्य पुरुष म्हणजे फुजिवारा नो मिचिनागा. त्याच्या चार मुली राजघराण्यात गेल्या आणि तीन सम्राट त्याचे नातू होते. १०१८ साली तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली, त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने पूर्णचंद्रावर एक कविता केली. तिथे हजर असलेल्या एका दरबाऱ्याने ती आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवली, म्हणून आज ती सर्व जपानला माहीत आहे.

मिचिनागाची स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशीही अजून टिकून आहे. २०१३ साली युनेस्कोने तिची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. ती लिहिली आहे पंचांगावर. त्या दिवशी काय करावे, काय टाळावे, कोणती दिशा निषिद्ध, हे छापील दिनदर्शिकेसारखे आधी लिहिलेले असे आणि मधल्या मोकळ्या जागेत तो दिवसाची नोंद करी. निषिद्ध दिशेला जायचे असेल तर आदल्या रात्री तिसऱ्याच घरी मुक्काम करून मग निघायचे, असा शिष्टाचार होता. मरणाचे सुतक तीस दिवसांचे. रक्त आणि मृत्यू यांचा विटाळ दरबाराला सर्वांत भयंकर वाटे. ८१० नंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षे दरबाराने अधिकृतपणे कोणाला देहदंड दिला नाही. हे वाचून आधी आदर वाटतो. मग लक्षात येते की प्रांतांत तलवारी चालतच होत्या. फक्त तो विटाळ दुसऱ्यांच्या हाताला लागत होता.

पण हे लोक नुसते चैनी होते असे म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. याच दरबाराने जगाला जे दिले ते अजून ताजे आहे. पुरुषांची प्रतिष्ठेची भाषा होती चिनी. कायदे, अहवाल, रोजनिश्या चिनी अक्षरांत लिहीत. बोली जपानीसाठी चिनी अक्षरे मोडून सोपी 'काना' लिपी तयार झाली होती. तिला 'बायकांचे अक्षर' म्हणत. त्या अक्षरात सेई शोनागोनने आपली टिपणे लिहिली आणि मिचिनागाच्या मुलीच्या सेवेत असलेल्या मुरासाकी शिकिबुने ५४ प्रकरणांची 'गेन्जी'ची कथा लिहिली. मुरासाकीच्या रोजनिशीत एक नोंद आहे. भाऊ चिनी ग्रंथ घोकत असताना ती शेजारी बसून ऐके आणि तो अडखळे तिथे हिला येत असे. वडील हळहळत की ही मुलगा असती तर! आपल्या वर्गातल्या किती मैत्रिणी हे वाचून मान डोलावतील! पुढे दरबारात, साधे चिनी अक्षरही येत नाही असे तिने लोकांना भासवले. आज त्या विद्वान पुरुषांचे चिनी लेखन बहुतांशी इतिहासकारच वाचतात. 'बायकांच्या अक्षरातली' गेन्जी मात्र जगभर वाचली जाते.

या काना लिपीशी आपले एक नातेही आहे. जपानी मूल आजही अक्षरे शिकते ती अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास करत, त्यातून हा क्रम आला. 'स'चा उच्चार तेव्हा 'च'च्या जवळचा आणि 'ह'चा मुळात 'प' होता, हे ध्यानात घेतले की कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य ही आपल्या पाटीवरची ओळ तिथे जशीच्या तशी दिसते. माझ्या नातीच्या जपानी शाळेतल्या तक्त्यावर मी ती पाहिली तेव्हा पहिलीतल्या बाईंची आठवण झाली.

पूर्वेकडचे घोडेस्वार

राजधानीत कविता उमलत होत्या तेव्हा बाहेर काय चालले होते? कवी की नो त्सुरायुकी हा दरबाराच्या आज्ञेने ९०५ साली सिद्ध झालेल्या 'कोकिनशू' या काव्यसंग्रहाचा एक संपादक. पुढे तो तोसा प्रांताचा अधिकारी झाला आणि मुदत संपल्यावर, सुमारे ९३५ साली, समुद्रमार्गाने परतला. त्या प्रवासाचे वर्णन त्याने काना लिपीत, आपण स्त्री आहोत असे कल्पून लिहिले. त्यात कविता आहेत, गमावलेल्या मुलीचे दुःख आहे, आणि समुद्री चाच्यांची भीतीही आहे. सरकारी अधिकाऱ्याला सरकारी प्रदेशातून घरी जाताना जीव मुठीत धरावा लागत होता.

ही भीती खोटी नव्हती. ९३९ साली दोन टोकांना दोन बंडे पेटली. पश्चिमेच्या समुद्रावर फुजिवारा नो सुमितोमो हा चाच्यांचा म्होरक्या झाला. त्याला मूळ तिकडे पाठवले होते अधिकारी म्हणून! पूर्वेकडे कांतोच्या मैदानात ताइरा नो मासाकादो उठला. हा सम्राट कान्मुच्याच वंशातला. राजघराण्यात मुले फार झाली की खर्च कमी करण्यासाठी धाकट्या पातींना आडनाव देऊन वेगळे काढत. ताइरा आणि मिनामोतो ही आडनावे अशी निर्माण झाली. त्यांच्यातले अनेक जण प्रांतांत अधिकारी म्हणून गेले आणि तिथेच राहिले. मासाकादोने हिताची प्रांताच्या कचेरीवर हल्ला करून तिथले शिक्के आणि कोठारांच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या, आणि स्वतःला 'नवा सम्राट' म्हणवून घेतले. शिक्का आणि किल्ली म्हणजे राज्य, हे त्याने बरोबर ओळखले होते.

दरबाराने सेनापती नेमला, पण त्याचे सैन्य पोहोचण्याआधीच, ९४० साली, मासाकादो मारला गेला. मारणारे होते त्याचा चुलतभाऊ सादामोरी आणि फुजिवारा नो हिदेसातो, दोघेही पूर्वेकडचेच योद्धे. दरबाराने त्यांना दरबारी श्रेणी दिली आणि प्रकरण मिटले. इथून पुढे हाच शिरस्ता पडला. योद्ध्याविरुद्ध योद्धा पाठवायचा आणि त्याला पदवी देऊन मोकळे व्हायचे. 'सामुराई' हा शब्द 'सेवेला हजर राहणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. दारात उभा राहणारा, तो सामुराई. त्याचे मुख्य हत्यारही तेव्हा तलवार नव्हते. त्याची विद्या होती धनुष्य आणि घोडा.

प्रांताधिकारी या काळात सरकारात ठरलेली रक्कम भरून उरलेले स्वतः ठेवीत. काहींनी तर राजधानी सोडलीच नाही, हाताखालचा माणूस पाठवून दिला. ९८८ साली ओवारी प्रांतातले गावाधिकारी आणि शेतकरी यांनी आपल्या प्रांताधिकाऱ्याविरुद्ध दरबारात ३१ कलमांचा अर्ज केला. जादा वसुली, न दिलेले पैसे, त्याच्या माणसांची दांडगाई, सगळे मुद्देसूद मांडले. पुढच्या वर्षी त्याला पदावरून दूर केले गेले. हजार वर्षांपूर्वीचा तो अर्ज वाचताना मला ओळखीचे वाटत राहिले. अशा अर्जांवर माझी निम्मी नोकरी गेली. अर्ज निकाली निघाला, पण रीत बदलली नाही.

१०८३ ते १०८७ या काळात मिनामोतो नो योशिइए याने ईशान्येकडे मोठे युद्ध जिंकले. दरबार म्हणाला, हे तुझे खाजगी भांडण, बक्षीस मिळणार नाही. तेव्हा त्याने पदरच्या संपत्तीतून आपल्या माणसांना बक्षिसे दिली, अशी परंपरा सांगते. दरबाराने पैसे वाचवले. पूर्वेकडच्या घोडेस्वारांच्या मनात मात्र नोंद झाली की, आपल्याला देणारा कोण आणि नाकारणारा कोण.

दरबाराने स्वतः उघडलेले दार

११५६ साली सम्राट गो-शिराकावा आणि त्याचा भाऊ, निवृत्त सम्राट सुतोकु, यांच्यात वाद विकोपाला गेला. दोघांनी योद्ध्यांना राजधानीत बोलावले. मिनामोतो घराण्यात बाप एका बाजूला आणि मुलगा योशितोमो दुसऱ्या, ताइरा घराण्यात काका एकीकडे आणि पुतण्या कियोमोरी दुसरीकडे. एका रात्रीच्या हल्ल्यात निकाल लागला, गो-शिराकावा जिंकला. आणि साडेतीनशे वर्षांनी देहदंड परत आला. योशितोमोला स्वतःच्या बापाला मारावे लागले. विटाळाला भिणाऱ्या दरबाराने इतका मोठा विटाळ आपल्याच चाकराकडून करून घेतला.

तीन वर्षांत जिंकणारे दोघे एकमेकांवर उलटले. योशितोमो मेला. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा योरितोमो कियोमोरीच्या सावत्र आईच्या रदबदलीने वाचला आणि पूर्वेला इझु इथे हद्दपार झाला. कियोमोरी ११६७ साली राज्याचा सर्वोच्च मंत्री झाला. इतक्या वर पोहोचलेल्या या योद्ध्याने केले काय? फुजिवारांनी केले तेच. मुलगी सम्राटाला दिली आणि नातू आंतोकुला गादीवर बसवले. चीनशी व्यापार वाढवण्याची त्याची दृष्टी मोठी होती, पण सत्तेची कल्पना जुनीच राहिली. दरबारात शिरणे म्हणजे जिंकणे, असे त्याने मानले.

११८० साली योरितोमोने पूर्वेत बंड उभारले. पुढच्या वर्षी कियोमोरी वारला आणि दुष्काळ पडला. कामो नो चोमेई या लेखकाने आपल्या १२१२ सालच्या 'होजोकी' या छोट्या पुस्तकात तो लिहून ठेवला आहे. राजधानी प्रत्येक गोष्टीसाठी खेड्यांवर अवलंबून होती, आणि खेड्यांकडून काहीच येईना. निन्नाजी देवळातला एक भिक्षू रस्त्यावर पडलेल्या प्रेतांच्या कपाळावर 'अ' हे पवित्र अक्षर लिहीत हिंडला. शहराच्या पूर्व भागात दोन महिन्यांत अशी ४२,३०० हून अधिक प्रेते मोजली गेली. ते 'अ' म्हणजे आपण पाटीवर गिरवलेलेच पहिले अक्षर. त्या ओळी वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. चारशे वर्षे खेड्याकडे पाठ करून बसलेल्या शहरावर ही वेळ आली.

११८५ साली दान-नो-उरा इथल्या समुद्री लढाईत ताइरा घराणे संपले. सहा वर्षांच्या सम्राट आंतोकुला घेऊन त्याच्या आजीने समुद्रात उडी घेतली. या घराण्याच्या उदयास्ताची कथा 'हेइके' या महाकथेत आहे. अंध गायक बिवा या तंतुवाद्यावर ती गात फिरत. तिच्या आरंभीच घंटा वाजते ती श्रावस्तीच्या जेतवन विहाराची.

दप्तर सांभाळणारे योद्धे

योरितोमोने कियोमोरीची वाट धरली नाही. तो क्योटोत राहायला गेलाच नाही. समुद्राकाठच्या कामाकुरा या गावी त्याने ठाण मांडले. आज योकोहामाहून लोकलने अर्ध्या तासात तिथे जाता येते. तिथे त्याने आधी काढल्या त्या कचेऱ्या: एक योद्ध्यांची नोंद आणि शिस्त पाहणारी, एक कागदपत्रांची, एक दाव्यांची. दप्तर सांभाळायला त्याने क्योटोहून जाणकार कारकून आणले. ओए नो हिरोमोतो हा दरबारी विद्वान कागदपत्रांच्या कचेरीचा प्रमुख झाला. माझ्या मते योरितोमोची सर्वांत मोठी चाल कोणत्याही रणांगणावर झाली नाही, ती इथे झाली.

११८३ साली त्याने दरबाराशी करार केला की, पूर्वेकडचा सारा मी पोहोचवतो, पूर्वेकडचा अधिकार मला द्या. ११८५ साली जागीरींवर 'जितो' नेमण्याचा हक्क मागून घेतला. जितो म्हणजे जमिनीवर राहणारा, सारा गोळा करणारा, बंदोबस्त ठेवणारा माणूस. दरबाराला वाटले, एक कटकट गेली. ११९२ साली त्याला शोगुनची पदवी मिळाली. पुस्तकांत हे साल ठळक छापतात, पण खरे काम सात वर्षे आधी झाले होते.

योरितोमोनंतर त्याची बायको होजो मासाको आणि तिचे माहेर यांनी कारभार सांभाळला. १२२१ साली निवृत्त सम्राट गो-तोबाने कामाकुराविरुद्ध फौज उभारली. मासाकोने योद्ध्यांना आठवण दिली की योरितोमोने तुमच्यासाठी काय केले. ते तिच्या बाजूने राहिले. लढाई झटपट संपली, गो-तोबा ओकी बेटावर हद्दपार झाला आणि विरोधकांच्या सुमारे ३,००० जागीरी जप्त झाल्या.

१२३२ साली होजो यासुतोकीने ५१ कलमांचा कायदा केला. त्यात जमिनीचे वाद, वारसा, जितोच्या मर्यादा आहेत. मूल नसलेल्या बाईने दत्तक घेऊन त्याला जमीन देणे वैध ठरवले आहे. क्योटोतल्या भावाला त्याने पत्र लिहून खुलासा केला: जुने कायदे म्हणजे चिनी अक्षरांसारखे, आणि हा कायदा ज्यांना फक्त काना येते त्यांच्यासाठी. बायकांच्या अक्षराची उपमा आता योद्ध्याच्या कायद्याला आली होती. पुढे कितीतरी शतके हा कायदा जपानच्या गावशाळांत मुलांना वाचन आणि वळण गिरवण्यासाठी पुस्तक म्हणून लावला जाई. कामाकुराच्या न्यायकचेरीत वादी आणि प्रतिवादी यांची लेखी म्हणणी तीन-तीनदा घेत. शेकडो मैल चालून लोक तिथे जात ते यासाठी. कोणीतरी आपला कागद वाचील, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सम्राट मात्र क्योटोत राहिले. शोगुनला पदवी तेच देत, १८६८ पर्यंत. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे घेऊन पुण्यात कारभार चालवण्याची पद्धत आपल्याला माहीत आहे, म्हणून ही रचना आपल्याला परकी वाटत नाही. अर्थात काळ, कारणे आणि माणसे सगळी वेगळी.

मित्रहो, सामुराई दरबाऱ्यांपेक्षा भले होते असे मला म्हणायचे नाही. त्यांनीही शेतकऱ्याला पिळले आणि रक्ताचे पाट वाहवले. म्हणायचे एवढेच की, ज्या कामाला आपण हलके म्हणतो ते आपल्या हातून जाते आणि त्याच्याबरोबर आणखीही बरेच जाते. उलट, हलके म्हणून दुसऱ्यांनी टाकलेले काम कोणी मन लावून केले, मग ते बायकांचे अक्षर असो की साऱ्याचे दप्तर, तर त्यातून नवे युग उभे राहते. आपण आता शेती, दुकान, संस्था, घर पुढच्यांच्या हाती देण्याच्या वयात आहोत. काम सोपवणे वेगळे आणि त्यातून अंग काढून घेणे वेगळे, हे या वयात कळलेले बरे.

म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्यात गुरुजनांचा सत्कार आपण करणारच आहोत. त्याच व्यासपीठावर शाळेचे लेखनिक आणि शिपाई यांनाही बोलवावे, जे हयात आहेत त्यांना आणि जे नाहीत त्यांच्या घरच्यांना. आपल्यापैकी प्रत्येकाची जन्मतारीख आजही सरकारदरबारी खरी ठरते ती जनरल रजिस्टरात त्यांनी केलेल्या नोंदीमुळे. नोकरीला लागलो ते त्यांच्या हातच्या दाखल्यावर, आणि निवृत्त झालो तेही त्यांनी लिहिलेल्या तारखेला.